हँड टूल वापरून कापडी सोफ्याची एक्स्ट्रॅक्शन सफाई कशी करावी

एक्स्ट्रॅक्टर यंत्र सोफ्याच्या कापडात पाणी फवारते आणि तेच पाणी मळासकट लगेच परत ओढून घेते. ही दोन्ही कामे ज्या छोट्या नोझलमधून होतात, त्याला हँड टूल म्हणतात. त्याचे तोंड साधारण 10 सेंटीमीटर रुंद असते आणि पकडीजवळ फवाऱ्याचा ट्रिगर असतो. हे साधन चालवायला अवघड नाही. मात्र नवखा माणूस फवारण्याकडे जितके लक्ष देतो तितके ओढण्याकडे देत नाही, आणि सोफा बिघडतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. आत राहिलेले पाणी फोममध्ये मुरते, वाळताना खालचा मळ वर आणते, आणि दमट हवेत कुबट वास व बुरशीला निमंत्रण देते.

सुरुवात सोफ्याच्या लेबलापासून करावी. ते गादीच्या खाली किंवा चेनजवळ शिवलेले असते आणि त्यावर पुष्कळदा एखादे रोमन अक्षर असते. डब्ल्यू असल्यास पाण्याने सफाई चालते. डब्ल्यूएस असल्यास पाणी आणि सॉल्व्हंट (म्हणजे पाणी नसलेले रासायनिक द्रावक) दोन्ही चालतात. फक्त एस असल्यास पाणी वर्ज्य असते. आणि एक्स असल्यास केवळ व्हॅक्यूम करावे. शेवटच्या दोन प्रकारांत एक्स्ट्रॅक्टर बाहेर काढूच नये. लेबल नसेल तर, आणि खरे तर असले तरीही, मागच्या बाजूला न दिसणाऱ्या जागी सफाईसाठी वापरायच्या द्रावणाचे काही थेंब टाकून दहा मिनिटांनी त्यावर पांढरे सुती फडके दाबून पाहावे. फडक्यावर रंग उतरला तर तो सोफा जाणकाराकडे सोपवावा. रेशीम, रेयॉन व्हिस्कोज आणि अस्सल चामडे यांच्या बाबतीत हाच सल्ला लागू पडतो.

त्यानंतर सोफा कोरड्या अवस्थेत नीट व्हॅक्यूम करावा, विशेषतः गादी आणि पाठ यांच्यामधील खाच, जिथे चिवड्याचे कण, केस आणि धूळ साठते. ही पायरी टाळली तर सुकी धूळ पाण्यात मिसळून चिखल होतो आणि तो धाग्यांत आणखी घट्ट बसतो. गाद्यांचे अभ्रे काढून वॉशिंग मशीनमध्ये टाकण्याचा मोह आवरावा, कारण ते आटतात किंवा सोफ्याच्या बाकीच्या कापडापेक्षा वेगळ्या छटेचे होतात. त्यामुळे अभ्रे गादीवरच ठेवून सफाई करावी.

आता सोफ्याच्या कापडासाठी असलेले प्री-स्प्रे (मळ आधी सैल करणारे) द्रावण बाटलीवर दिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून हातपंपाने हलके फवारावे. कापड ओलसर व्हावे, निथळू नये. केसांच्या तेलाने काळवंडलेली पाठीची वरची कड आणि हात टेकायच्या जागा येथे थोडे अधिक फवारून मऊ ब्रशने धाग्याच्या दिशेने घासावे आणि पाच ते दहा मिनिटे थांबावे. मळ सुटण्यासाठी हा वेळ लागतोच. मात्र द्रावण कापडावर वाळू देऊ नये. हळदीच्या डागाबाबत एक सावधगिरी हवी. अल्कधर्मी द्रावण लागताच तो लालसर होतो आणि डाग बिघडला असे वाटून माणूस जोराने घासू लागतो. प्रत्यक्षात हळदीतील कर्क्युमिनचाच रंग बदललेला असतो. हे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने एक्स्ट्रॅक्शनने ते पूर्ण निघेल अशी अपेक्षा ठेवू नये. पुढे उन्हात ते बरेचसे फिकट पडते. दूध, अंडे किंवा रक्ताच्या डागावर गरम पाणी वापरू नये, कारण उष्णतेने त्यातील प्रथिने धाग्यात घट्ट बसतात.

यंत्राच्या स्वच्छ पाण्याच्या टाकीत पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम धाग्यासाठी कोमट ते गरम पाणी घ्यावे, पण पुस्तिकेत दिलेल्या तापमानाच्या मर्यादेत. सुती कापडासाठी मात्र कोमटच. उकळते पाणी कधीही ओतू नये. घाण पाण्याच्या टाकीत फेस दिसू लागला तर फेसविरोधी द्रव घालावा, कारण फेस मोटरपर्यंत पोहोचला तर यंत्र निकामी होऊ शकते. प्लगला ओला हात लावू नये आणि एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नये.

खरे कौशल्य यापुढे आहे. हँड टूलचे तोंड कापडावर पूर्ण टेकवावे. एक बाजू उचलली गेली की हवेचा शिट्टीसारखा आवाज येतो आणि पाणी मागे राहते. ट्रिगर दाबून टूल हळू आपल्याकडे ओढावे, पट्ट्याचा शेवट येण्याच्या थोडे आधी ट्रिगर सोडावा आणि सक्शन चालू ठेवूनच शेवटापर्यंत जावे. मग त्याच पट्ट्यावर ट्रिगर न दाबता दोन-तीनदा फिरवावे. नोझलला पारदर्शक भाग असेल तर परत येणाऱ्या पाण्याचा रंग दिसतो. ते स्वच्छ होईपर्यंत एक-दोन ओले फेरे पुन्हा द्यावेत, आणि नळीतून थेंब येणे थांबेपर्यंत कोरडे फेरे द्यावेत. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवून घ्यावा. आधी पाठ, मग हात आणि शेवटी बैठक असा क्रम ठेवल्यास वरून ओघळलेले पाणी अखेरीस स्वच्छ होते. केवळ डागापुरते काम न करता एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत पूर्ण भाग घ्यावा, नाहीतर वाळल्यावर पाण्याचे वर्तुळ उमटते.

शेवटी मखमलीसारख्या कापडाची लव मऊ ब्रशने एका दिशेला बसवावी, गाद्या उभ्या ठेवाव्यात, खिडक्या उघडाव्यात आणि पंखा थेट सोफ्यावर सोडावा. कोरड्या हवेत पाच-सहा तासांत सोफा बसण्याजोगा होतो. दमट हवेत मात्र पूर्ण दिवस लागू शकतो. त्यामुळे कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम टाळावे आणि दिवाळीपूर्वीच्या ऑक्टोबरातील उन्हाचे दिवस साधावेत. पावसाळ्यात करणे भागच असेल, तर खिडक्या बंद करून एसी किंवा डीह्युमिडिफायर चालू ठेवावा.

वाळल्यावर जुना डाग पुन्हा वर आलेला दिसला, तर घाबरून पुन्हा भरपूर पाणी मारू नये. त्या जागेवर हलकी फवार देऊन लगेच कोरडे फेरे द्यावेत आणि वर चौपदरी पांढरा टॉवेल ठेवून त्यावर वजन ठेवावे, म्हणजे उरलेला मळ वर येताना कापडाऐवजी टॉवेलमध्ये शोषला जाईल.