मुलासोबत रात्रीचा स्वयंपाक करताना या चुका टाळा

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला स्वयंपाकात घेतल्यावर होणाऱ्या बहुतेक गडबडींचं मूळ एकच असतं: मूल ओट्याशी काहीतरी चिरत असतं आणि त्याच वेळी शेगडीवर काहीतरी शिजत असतं. मोठ्या माणसाला दोन्हीकडे बघावं लागतं. मग इकडे कांदा करपतो, नाहीतर तिकडे बोट सुरीखाली येतं. म्हणून मुलाचं काम शेगडी पेटवण्याआधी संपवायचं. बाकीचे बरेच प्रश्न एवढ्यानेच सुटतात.

ऐन भुकेच्या वेळी सुरुवात

आठला जेवायचं असेल तर मुलाला सातला हाताशी घेऊ नका. तोपर्यंत ते दमलेलं आणि भुकेलेलं असतं, चिडचिड होणारच. धुणं, सोलणं, चिरणं साडेपाचच्या सुमारास उरका आणि चिरलेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवा. या वयात एका कामात दहा-पंधरा मिनिटं मन रमलं तरी खूप झालं. एका दिवशी एकच पदार्थ निवडा आणि त्यातली दोन-तीनच कामं मुलाला द्या. मध्येच उठून गेलं तर जाऊ द्या.

ओटा उंच, स्टूल डुगडुगतं

ओटा मुलाच्या कोपराच्या किंचित खाली यायला हवा. तो छातीपर्यंत येत असेल तर खांदे उचलून चिरावं लागतं आणि सुरीवरचा ताबा सुटतो. स्टूल रुंद पायांचं, न घसरणारं हवं आणि शेगडीपासून निदान एक मीटर लांब हवं. उंची जमतच नसेल तर बुटक्या टेबलावर किंवा जमिनीवर बसून काम करा, ते जास्त सुरक्षित.

‘सुरक्षित’ म्हणून बोथट सुरी देणं

बोथट पात्याला जास्त जोर लावावा लागतो आणि जोर लावला की पातं घसरतं. त्यापेक्षा बारीक दाते असलेली, मुलांसाठीची प्लास्टिकची सुरी द्या. सुरुवात केळं, उकडलेला बटाटा, मशरूम अशा मऊ गोष्टींनी करा. गाजर किंवा गोल काकडी थेट हातात देऊ नका. आधी तुम्ही ती उभी चिरा, म्हणजे सपाट बाजू खाली टेकेल आणि तुकडा गडगडणार नाही. फळीखाली ओलं फडकं घडी करून ठेवलं की फळीही सरकत नाही.

हात धरायची पद्धत मात्र शिकवावीच लागते. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कमान. सुरी त्या कमानीखालून जाते. आधी सुरी न देता नुसती कमान करायला लावा. कोथिंबिरीसारखा पाला असेल तर तो पेल्यात घालून गोल टोकाच्या कात्रीने कापायला द्या, हे बहुतेक मुलांना लगेच जमतं.

कांदा आणि मिरची तुम्हीच चिरा. मुलाचा चेहरा फळीच्या जवळ असल्याने कांदा त्याला जास्त झोंबतो. मिरचीचा तिखटपणा नुसत्या पाण्याने जात नाही, हाताला आधी तेल आणि मग साबण लावावा लागतो.

मिठाचा डबाच हातात देणं

लागेल तेवढं मीठ आधी वाटीत काढा आणि फक्त ती वाटी मुलाला द्या. सूप तरीही खारट झालंच तर बिनमिठाचं पाणी किंवा भाजी वाढवा. बटाटा टाकल्याने मीठ ‘ओढलं’ जात नाही. तो खारट पाणी शोषतो, उरलेलं तेवढंच खारट राहतं. पीठ मळतानाही पाणी एकदम न देता एकेक चमचा द्या. पीठ चिकट झालं तर लगेच कोरडं पीठ ओतू नका. पंधरा मिनिटं झाकून ठेवा, पाणी मुरतं आणि अंदाज येतो.

अंडं वाटीच्या कडेवर फोडलं की टरफल आत जातं. ते सपाट जागेवर आपटायला शिकवा आणि वेगळ्या वाटीत फोडू द्या. कच्चं अंडं आणि कच्चं पीठ, दोन्ही चाटू देऊ नका, कारण दोन्हींत आजारी पाडणारे जंतू असू शकतात. नंतर साबणाने वीस सेकंद हात धुवायचे. कच्चं चिकन आणि मासे मुलाकडे द्यायचेच नाहीत.

ताटात आलं तरी धोका संपत नाही

मुलाचा चेहरा बऱ्याचदा भांड्याच्या काठाच्या पातळीला असतो, त्यामुळे झाकण उघडताना वाफ थेट तोंडावर येते. मूल लांब असल्याशिवाय कुकर किंवा मायक्रोवेव्हमधलं भांडं उघडू नका. भांड्यांच्या मुठी आतल्या बाजूला वळवा, शक्यतो मागची शेगडी वापरा. भाजलंच तर तो भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका. फोड आला, किंवा चेहरा अथवा हाताचा पंजा भाजला असेल तर डॉक्टरांकडे न्या.

द्राक्षं उभी चिरूनच द्या, नाहीतर घशात अडकू शकतात. अख्खे शेंगदाणे आणि सुकामेवा पाच वर्षांखालच्या मुलाला नकोच.

मुलाने चिरलेलं त्याच्यासमोर पुन्हा चिरणं

यासारखा हिरमोड दुसरा नाही. तुकडे लहान-मोठे होणारच आणि ते एकत्र शिजत घातले की लहानांचा लगदा होतो, मोठे कच्चे राहतात. त्यावर सोपा उपाय आहे: मुलालाच मोठे तुकडे एका वाटीत, लहान दुसऱ्या वाटीत वेगळे करायला सांगा. मोठे आधी शिजत घाला, लहान पाच-सात मिनिटांनी.