आउट-ऑफ-स्टेट सरकारी युनिव्हर्सिटी निवडताना: नव्यानं आलेल्या आईबाबांसाठी

गणपतीच्या दिवसांत मंडळात नवीन आलेल्या कुटुंबांशी ओळख झाली आणि घरात अकरावीतलं मूल असलं, की पाच मिनिटांत प्रश्न येतो, “मिशिगन चांगलं की पर्ड्यू? की सरळ ऑस्टिन?” राहायला शिकागोच्या उपनगरात आणि यादीतली सगळी नावं दुसऱ्या राज्यांतली. मी रँकिंगबद्दल बोलायच्या आधी दोन गोष्टी विचारते: तुम्ही कोणत्या व्हिसावर आहात, आणि मुलाला नेमकं काय शिकायचंय? या दोन्हींची उत्तरं हातात नसतील तर यादी करू नका.

आधी थोडं मुळाचं. इथली ‘पब्लिक’ युनिव्हर्सिटी केंद्र सरकारची नसते, राज्याची असते. १८६२च्या मॉरिल कायद्याखाली केंद्रानं राज्यांना जमिनी दिल्या, त्या विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी राहिली. पर्ड्यू, इलिनॉय, ओहायो स्टेट ही त्यातलीच. राज्याच्या करदात्यांचा पैसा लागतो, म्हणून राज्यातल्या मुलांना फी कमी आणि जागाही आधी. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी डोमिसाइलची धावपळ आणि होम युनिव्हर्सिटीच्या कोट्याचा हिशोब ज्यांनी केलाय, त्यांना यात नवल वाटणार नाही. २००८च्या मंदीनंतर बऱ्याच राज्यांनी अनुदान कापलं, तेव्हा जास्त फी भरणाऱ्या बाहेरच्या मुलांवर युनिव्हर्सिट्यांची भिस्त वाढली. मुलाच्या नावानं येणाऱ्या गुळगुळीत माहितीपत्रकांमागे हेही एक कारण आहे. पत्रकं ढीगभर आली म्हणजे प्रवेश मिळणार असं धरून चालू नका.

बाहेरच्यांसाठी दार किती उघडं आहे हे राज्याराज्यावर ठरतं. टेक्ससमध्ये कायद्यानंच ऑस्टिनच्या नव्या वर्गात बाहेरच्या मुलांचं प्रमाण १० टक्क्यांवर बांधलेलं आहे. राज्यातल्या मुलांच्या जागांपैकी तीन चतुर्थांश जागा हायस्कूलच्या वर्गात अगदी वर असलेल्या मुलांना आपोआप मिळतात. ही मर्यादा आधी पहिल्या ६ टक्क्यांची होती, २०२६च्या प्रवेशापासून ५ टक्क्यांची झाली. नॉर्थ कॅरोलायनात चॅपल हिलला बाहेरच्यांसाठी १८ टक्क्यांची मर्यादा १९८६पासून आहे. याउलट मिशिगनच्या अ‍ॅन आर्बरमध्ये पदवीची जवळपास निम्मी मुलं बाहेरची, आणि अलाबामात तर निम्म्याहून जास्त. तेव्हा कुठल्याही युनिव्हर्सिटीचा एकूण ‘अ‍ॅक्सेप्टन्स रेट’ पाहून आशा किंवा निराशा करून घेऊ नका. बाहेरच्यांचा वेगळा आकडा शोधा.

आता पैसे. पर्ड्यूनं २०१३पासून ट्यूशन (म्हणजे नुसती शिक्षणाची फी) गोठवून ठेवली आहे: राज्यातल्या मुलाला वर्षाला १०,००० डॉलरच्या किंचित आत, बाहेरच्याला २९,०००च्या आत. मिशिगनमध्ये बाहेरच्या मुलाची नुसती ट्यूशन ६०,०००च्या पुढे, आणि राहणं-जेवण धरलं की आकडा ८०,०००च्या घरात जातो. कॅलिफोर्नियात बर्कली किंवा लॉस एंजलिसला नेहमीच्या ट्यूशनवर बाहेरच्यांसाठी वेगळी रक्कम चढते, तीच ३७,०००च्या वर. या तिन्ही ठिकाणी शिकून मूल एकाच कंपनीत शेजारी शेजारी बसू शकतं.

बिल बघताना चार वर्षांचं बघा. मिशिगनमध्ये साधारण दोन वर्षांची क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या कोर्सचं मोजमाप) झाली की वरच्या वर्गाची ट्यूशन सुरू होते, आणि ती जास्त असते. इलिनॉयसारख्या ठिकाणी इंजिनिअरिंगला इतर विषयांपेक्षा जास्त पैसे पडतात. म्हणजे वेबसाइटवरच्या पहिल्या आकड्याला चारनं गुणून हिशोब जुळत नाही. गरजेनुसार मिळणारी मदत सरकारी युनिव्हर्सिट्या बहुतेक करून आपल्याच राज्यातल्या मुलांसाठी राखतात. चॅपल हिल आणि व्हर्जिनिया हे ठळक अपवाद, पण तिथला प्रवेशच फार अवघड.

सवलतीच्या काही वाटा मात्र खऱ्या आहेत. अलाबामा बाहेरच्या मुलांसाठी ग्रेड आणि एसएटी-एसीटीच्या गुणांवर ठरणाऱ्या स्कॉलरशिपचा तक्ता उघड छापते. आपलं मूल कुठल्या रकान्यात बसतं ते घरबसल्या दिसतं. पश्चिमेकडच्या राज्यांत ‘वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज’ आहे, त्यात इन-स्टेट (राज्यातल्या मुलांच्या) ट्यूशनच्या दीडपटीहून जास्त आकारत नाहीत; पण प्रत्येक युनिव्हर्सिटी आणि प्रत्येक मेजर (पदवीचा मुख्य विषय) त्यात नसतं. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या शेजाऱ्यांचा आपसांत करार आहे. आपल्या राज्याचा असा कुठला करार आहे का, हे शाळेच्या काउन्सेलरला नक्की विचारा.

“पहिलं वर्ष बाहेरच्यांची फी भरू, मग तिथले रहिवासी होऊ,” हे मी नेहमी ऐकते. हा बेत डोक्यातून काढून टाका. मूल तुमच्यावर अवलंबून असेल तर त्याचं राज्य म्हणजे तुमचं राज्य. शिक्षणासाठी येऊन राहिलेला काळ बहुतेक राज्यं रहिवासात मोजतच नाहीत. तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स काढून काही बदलत नाही.

व्हिसाचं प्रकरण मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण आपल्या लोकांना सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो. तुम्ही नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आणि मूल कुटुंबीयांच्या एच-४वर असेल, तर टेक्सस, कॅलिफोर्निया अशा राज्यांत वर्षभराचा रहिवास आणि इतर अटी पूर्ण केल्या की तुम्हाला इन-स्टेट फी मिळू शकते. स्वतःच्या राज्यात राहिल्यास ही मोठी सवलत तुमच्या हातात आहे, ती सोडण्याआधी शांतपणे विचार करा. एच-४वरच्या मुलाला केंद्राची आर्थिक मदत मिळत नाही. त्याला पगारी काम करता येत नाही, कॅम्पसच्या लायब्ररीतही नाही आणि उन्हाळ्याच्या इंटर्नशिपलाही नाही. एच-४वर काम करायचा परवाना काही जोडीदारांना मिळतो, मुलांना नाही.

शिवाय २१ पूर्ण झाले की एच-४ संपतो. कॉलेजच्या हिशोबात हे साधारण तिसऱ्या वर्षात येतं. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग तोवर सरकेल या भरवशावर राहू नका. मुलाला एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागतं. त्यात कॅम्पसवर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास काम, पुढे इंटर्नशिप, पदवीनंतर वर्षभर ओपीटी (आपल्या विषयात काम करायची परवानगी) आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी २४ महिने, असे फायदे आहेत. पण एफ-१वर गेल्यावर इन-स्टेट फी टिकते की जाते, हे राज्य आणि युनिव्हर्सिटी ठरवते. म्हणून अर्ज करण्याआधीच यादीतल्या प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी ऑफिसला ईमेल करा: “आज एच-४, तिसऱ्या वर्षी एफ-१, फी कोणती?” उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. व्हिसा बदलायच्या वेळेबद्दल इमिग्रेशन वकिलाशी बोला. मंडळातल्या कुणाच्या अनुभवावर हा निर्णय घेऊ नका, माझ्यासुद्धा नाही.

दुसरा प्रश्न मेजरचा. ‘ब्रँच की कॉलेज’ हा वाद आपण सगळे तिकडे घालून आलोय. इथे तो आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण युनिव्हर्सिटीत प्रवेश आणि हव्या त्या मेजरमध्ये प्रवेश या अनेक ठिकाणी दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ऑस्टिनला वर्गातल्या क्रमांकावर आपोआप प्रवेश मिळालेल्या मुलालाही कॉम्प्युटर सायन्स मिळेलच असं नाही. इलिनॉयला कॉम्प्युटर सायन्सला सुरुवातीलाच घेतलं नाही तर नंतर आतून शिरणं जवळपास अशक्य. तिथे कॉम्प्युटर सायन्सची भाषाशास्त्र, संगीत, पीकशास्त्र अशा विषयांशी सांगड घातलेल्या पदव्या आहेत, आणि त्या खरोखर चांगल्या आहेत. पण मुलाला त्या दुसऱ्या विषयातही गोडी असेल तरच. पर्ड्यू आणि टेक्सस ए अँड एममध्ये इंजिनिअरिंगची मुलं पहिलं वर्ष एकत्र काढतात आणि शाखा नंतर ठरते, म्हणजे पहिल्या वर्षाचे ग्रेड्स फार महत्त्वाचे. “आधी आत तर जाऊ, मग बघू” असं म्हणून वर्षाला ६०,००० डॉलर भरणं मला पटत नाही.

माझं मत सरळ आहे. घरच्या राज्यात तोच विषय चांगला शिकवत असतील तर बाहेर जाऊ नका. बाहेर जायला कारण हवं, आणि ते विषयाचं हवं. आमच्या थोरलीला सूक्ष्मजीवशास्त्र करायचं होतं, आणि त्यासाठी विस्कॉन्सिनच्या मॅडिसनमध्ये स्वतंत्र जुना विभाग आहे, पदवीच्या मुलांना प्रयोगशाळेत घेतात. आम्ही इलिनॉय सोडून तिथले जास्त पैसे भरले ते त्यासाठी. त्याच कॅम्पसवर, हायस्कूलच्या मैत्रिणी चालल्या म्हणून आलेली मुलंही तिला भेटली. त्यांच्या आईवडिलांनीही तेवढेच पैसे भरले होते.

आकाराची भीती मात्र थोडी कमी करा. मॅडिसन, अ‍ॅन आर्बर, ऑस्टिन या सगळ्या ठिकाणी विद्यार्थी ५०,०००च्या आसपास. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या तासाला तीनशे मुलं, प्राध्यापक खाली ठिपक्याएवढे. पण त्याच विषयाचा आठवड्यातून एकदा ‘डिस्कशन’ असतो, वीस-पंचवीस मुलं आणि एक टीए (प्राध्यापकांचा शिकवणारा मदतनीस). शिवाय प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स, म्हणजे मुलांना भेटायच्या ठरलेल्या वेळा. तिथे कुणीच येत नाही म्हणून प्राध्यापक एकटे बसलेले असतात, असं मुलगी सांगायची. ती दर आठवड्याला एक प्रश्न लिहून न्यायची, आणि त्यातूनच तिला प्रयोगशाळेतलं पहिलं काम मिळालं. आपली मुलं हुशार असतात पण ‘सरांना त्रास नको’ या संस्कारात वाढलेली असतात. बारावीतच शाळेतल्या शिक्षकांना स्वतः ईमेल लिहायची, स्वतः डॉक्टरची वेळ घ्यायची सवय लावा. ज्या मुलाला अजून हे जमत नाही, त्याला लहान कॉलेज किंवा मोठ्या युनिव्हर्सिटीतलं ऑनर्स कॉलेज (निवडक मुलांचा छोटा गट) जास्त मानवेल.

एपीच्या (हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) परीक्षांचा सरकारी युनिव्हर्सिट्यांत चांगला उपयोग होतो. इलिनॉय आणि टेक्ससमध्ये ३ गुणांनाही क्रेडिट देतात. क्रेडिट्स जास्त असली की कोर्स रजिस्ट्रेशनची वेळ लवकर येते, आणि ५०,००० मुलांत ही छोटी गोष्ट नाही.

कॅम्पस बघायला गेलात तर जमल्यास नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जा. सप्टेंबरच्या शनिवारी फुटबॉलची मॅच, लाखाच्या वर माणसं मावणारं अ‍ॅन आर्बरचं स्टेडियम, मॅडिसनच्या तळ्याकाठच्या रंगीत खुर्च्या, कुणीही भाळेल. पण डिसेंबरात मॅडिसनला साडेचारच्या आत सूर्य मावळतो. ह्यूस्टन किंवा सॅन होजेमध्ये वाढलेल्या मुलानं ते एकदा अनुभवावं. आणि घरी येण्याची वाटही बघा. अ‍ॅन आर्बरहून डेट्रॉइटचा विमानतळ अर्ध्या तासावर आहे. पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेज (पेन स्टेट युनिव्हर्सिटीचं गाव) डोंगरांच्या मधोमध आहे, तिथून थँक्सगिव्हिंगला घरी पोचायला अख्खा दिवस जाऊ शकतो.

पहिल्या वर्षी डॉर्म, म्हणजे हॉस्टेल, असतं. खोलीत इन्स्टंट पॉट बहुतेक ठिकाणी चालत नाही, तेव्हा मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी द्या, कुकर नको. घराचा खरा प्रश्न दुसऱ्या वर्षाचा. मॅडिसन आणि अ‍ॅन आर्बरमध्ये पुढच्या ऑगस्टच्या घरांची शोधाशोध आदल्या ऑक्टोबरातच सुरू होते. मुलांची एकमेकांशी धड ओळख झालेली नसते आणि बारा महिन्यांच्या लीजवर सह्या करायच्या असतात. एकत्र लीज असेल तर एकानं भाडं थकवलं की बाकीच्यांना भरावं लागतं, आणि गॅरंटर म्हणून तुमची सही असते. खोलीगणिक वेगळं लीज मिळत असेल तर तेच घ्या. मॅडिसनमध्ये एक विचित्र रीत आहे. जुनी लीज १४ ऑगस्टला संपते आणि नवी १५ला सुरू होते, त्यामुळे एक रात्र शेकडो मुलं बेघर असतात. फुटपाथभर गाद्या, टेबलं, दिवे, भरलेले यू-हॉलचे ट्रक. त्या आठवड्यात मदतीला जायचं असेल तर मोटेल उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच ठरवा.

कागदपत्रांतली दोन कामं जायच्या आधी उरका. विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणाऱ्या १९७४च्या फर्पा कायद्यामुळे कॉलेजात गेलेल्या मुलाचे ग्रेड्स युनिव्हर्सिटी तुम्हाला परस्पर दाखवत नाही. बिलही मुलाच्या पोर्टलवर येतं. त्यानं तुम्हाला ‘ऑथराइज्ड पेयर’ म्हणून जोडायला हवं, नाहीतर लेट फी लागेपर्यंत तुम्हाला पत्ताच नसतो. अठरा पूर्ण झाले की डॉक्टरही तुमच्याशी बोलायला बांधील नाहीत, म्हणून मेडिकल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून ठेवा. आणि विमा तपासा. वयाच्या २६पर्यंत मूल तुमच्या विम्यावर राहू शकतं, पण विमा एचएमओ (ठरावीक डॉक्टरांपुरताच चालणारा) असेल तर दुसऱ्या राज्यात इमर्जन्सीपलीकडे तो बहुधा उपयोगी पडत नाही. तसं असेल तर युनिव्हर्सिटीचा विमा घ्या; नसेल तर तो नाकारायचा फॉर्म मुदतीत भरा, नाहीतर त्याचे पैसे बिलात चढतात.

तारखा थोडक्यात: कॉमन अ‍ॅप (अनेक युनिव्हर्सिट्यांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) १ ऑगस्टला उघडतं. मिशिगन, पर्ड्यू, इलिनॉय यांच्या ‘अर्ली अ‍ॅक्शन’साठी (लवकर अर्ज, लवकर निकाल) १ नोव्हेंबर धरून चाला, आणि मोठ्या सरकारी युनिव्हर्सिट्यांत ती गाठाच. कॅलिफोर्नियाचा अर्ज वेगळा, नोव्हेंबरअखेरपर्यंत, आणि तिथे एसएटी बघतच नाहीत. डिपॉझिट बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत, एकाच ठिकाणी. ते भरलं की बाकीच्या युनिव्हर्सिट्यांना त्याच दिवशी नकार कळवा. वेटलिस्टवरचं कुणाचं तरी मूल त्या जागेची वाट बघत असतं.