ओढ्यावर निघण्याआधी, शनिवारी रात्री

पिशवी भरण्याआधी एक गोष्ट ठरवा: बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आपण एकही डबा लपवणार नाही. जिओकॅशिंगचा खेळ, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेले डबे शोधायचा खेळ, ३ मे २००० रोजी अमेरिकेत ओरेगॉनमध्ये सुरू झाला. नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक सरकारने काढून टाकली आणि एक-दोन दिवसांतच कुणीतरी रानात बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिकडे ट्राउट माशांच्या ओढ्याकाठी लपवलेले डबे शोधायला लोक जातात. आपल्याकडे ट्राउट नाही, पण दहिसर नदी तुळशी तलावाकडूनच येते, आणि तुळशीचं पाणी मुंबई पिते. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय काही ठेवून येणं बेकायदा. म्हणून 'अर्थकॅश' प्रकार खेळू: डबा नाही, जागेवरचा खडक आणि पाणी बघून प्रश्नांची उत्तरं द्यायची. कान्हेरीच्या बेसॉल्टात खोदलेल्या पोढी, म्हणजे पावसाचं पाणी साठवायची टाकी, यासाठी सोन्यासारख्या.

वार बघा, सोमवारी उद्यान बंद. उद्यानातल्या शिलोंड्याच्या पायवाटेला निसर्ग माहिती केंद्राकडून आधी परवानगी लागते. आयत्या वेळी 'सोडा ना काका' चालत नाही, आणि चालू नये.

फोनमध्ये नकाशा घरीच उतरवून घ्या. दाट झाडीत सिग्नल पानाखडकांवर आदळून येतो आणि जागा इकडची तिकडे दाखवतो. पाच मिनिटं थांबा, मग आकडा लिहा. वहीबरोबर पेन्सिल हवी. भिजलेल्या कागदावर पेन रुसतं.

खाण्याची पुडी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, तीही पाठपिशवीच्या तळाशी. मागच्या पावसाळ्यात मी बिस्किटांचा पुडा बाहेरच्या खिशात ठेवला. माकडाने चेन उघडली, आणि पुड्याबरोबर माझी वहीही गेली. रिकामी प्लास्टिकची पिशवी मात्र न विसरता घ्या, वाटेतला कचरा उचलून आणायला.

बूट आदल्या दिवशी ब्रशने कोरडेच घासा. आपण दुसऱ्या रानातून घाणेरी, रानमोडी अशा तणांच्या बिया चिखलातून घेऊन फिरतो. बुटांखालची कारवीही तुडवू नका, उतारावरची माती तिच्या मुळांनी धरलेली असते. डासांचं मलम घरूनच लावा, पण ते लावलेले हातपाय ओढ्यात धुऊ नका. साबण तर नकोच, कितीही 'नैसर्गिक' लिहिलेला असो. दगड उलटून बघायचा मोह मुलांना होईल. खाली मुठे, म्हणजे ओढ्यातले खेकडे, असतात, आवरा त्यांना. मुलांना, मुठ्यांना नव्हे.

पायाला खरचटलं असेल तर पट्टी बांधून या, लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची भीती असते. ओढा ओलांडायचा विचार करू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या डोंगरावर काय चाललंय ते खालून दिसत नाही. पाणी गढूळ झालं किंवा पानं, काटक्या वाहत आल्या की उत्तर अर्धं राहिलं तरी मागे फिरा.

पॉवर बँक आत्ताच लावून ठेवा. सकाळी सातची लोकल आहे, बोरिवलीला पूर्वेच्या पुलाखाली भेटू.