आभार मानायचे कसे? तलावपाळीवरची माझी पद्धत
ठाण्यात राहता आणि सकाळी तलावपाळीला फेरी मारता ना? मग मोबाइल घरीच ठेवा. कौपिनेश्वराला हात जोडताना मागणं नको. काल कोणी आपलं काय केलं ते आठवा. "सगळ्यांचं भलं कर" फार मोघम, देवालाही कंटाळा येत असेल! मी म्हणते: लोकलमध्ये सरकून चौथी सीट देणारी ती बाई, पिशवीत वर कढीपत्ता टाकणारा भाजीवाला. त्यातल्या एकाला तरी त्याच दिवशी तोंडावर सांगायचं. भाजीवाला गोंधळलाच. "ताई, काही परत करायचंय का?" संकोच वाटतो, वाटू द्या. श्रद्धा डळमळली असेल त्या दिवशी देवळात नाही गेलात तरी चालेल. फेरी मात्र चुकवू नका, आणि येताना दूधवाल्याचा हिशेब चुकता करा.