सोलापुरातून किनाऱ्यावरचे विद्यापीठ पारखताना

सागरविज्ञान शिकू पाहणारा सोलापूरचा विद्यार्थी गोवा विद्यापीठाची माहिती काढतो, ती बहुधा शुल्क, वसतिगृह आणि प्रवेशाची तारीख यांपाशीच थांबते. सार्वजनिक पैशावर चालणारे विद्यापीठ भोवतालच्या माणसांच्या किती उपयोगी पडते, हेही प्रवेशापूर्वी पाहावे, कारण पुढचे संशोधन त्याच माणसांच्या शेतांत आणि होड्यांवर करायचे असते.

हे विद्यापीठ १९८५ साली सुरू झाले असून ते पणजीजवळ ताळगावच्या पठारावर आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथून जवळच, दोनापावल्याला आहे.

प्रथम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून नॅकला (उच्चशिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेला) सादर केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल उतरवून घ्यावा आणि त्यातला संशोधन व विस्तारकार्याचा, म्हणजे समाजात जाऊन केलेल्या कामाचा, तिसरा निकष वाचावा. शिबिरांच्या संख्येवर भुलू नये. एकाच गावात पुन्हा पुन्हा काम झाले आहे का, ते शोधावे.

त्यानंतर ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावर आपल्या विषयाच्या विभागाचे प्रबंध उघडावेत. ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उदाहरणादाखल खाजन शेती घ्या: खाडीकाठच्या या सखल जमिनीला बांध घातलेला असतो, बांधात ‘मानस’ नावाची दारे असतात, भरतीच्या दाबाने ती मिटतात आणि ओहोटी लागली की उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. अशा शेतीवर, खारफुटीवर किंवा मासेमारीवर प्रबंध सापडला, तर गोषवाऱ्याआधी ऋणनिर्देशाचे पान वाचावे. तिथे मार्गदर्शक आणि ग्रंथपाल यांच्याबरोबर शेतकऱ्यांचे, मच्छीमारांचेही आभार मानलेले असतील, तर संशोधक प्रयोगशाळेबाहेर पडला होता असे समजायला जागा आहे. विषय किनाऱ्याचा असूनही तिथल्या माणसांचा कुठेच उल्लेख नसेल, तर त्या विभागातल्या एखाद्या विद्यार्थ्याला क्षेत्रकार्याविषयी थेट विचारावे.

तुलनेसाठी माप घरचेच घ्यावे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ साली केवळ आपल्या एका जिल्ह्यासाठी स्थापन झाले. कोरडवाहू ज्वारी, हातमाग किंवा नान्नजचा माळढोक यांवर तिथे कोणते प्रबंध झाले, हे त्याच ‘शोधगंगे’त पाहावे, कारण ज्या गावांची नावे आपल्याला तोंडपाठ आहेत, त्यांच्याविषयीचे लेखन खरे की वरवरचे, हे लगेच कळते आणि तीच नजर घेऊन गोव्याच्या प्रबंधांकडे परतता येते.