फ्लॅटमधली पहिली तीन झाडं

घरातली झाडं पाण्यावाचून फार कमी मरतात, जास्त पाण्याने पुष्कळ मरतात. माती सतत ओली राहिली की तिच्यातली हवा संपते, मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं मलूल होतात. ती पाहून आपण आणखी पाणी घालतो आणि झाड जातं. म्हणून सुरुवात अशा झाडांनी करावी, ज्यांचं पाणी चुकलं तरी भागतं: मनीप्लांट, स्नेक प्लांट आणि झीझी. स्नेक प्लांट जाड पानांत पाणी साठवतो, झीझी मातीखालच्या बटाट्यासारख्या कंदांत. मनीप्लांट तसा साठा करत नाही, पण तहान लागली की पानं लोंबवून सांगतो आणि पाणी मिळालं की बहुधा दिवसाभरात ताठ होतो.

कोरफड आणि जेड ‘इनडोअर’ म्हणून विकले जातात, पण त्यांना रोज काही तास ऊन लागतं. बाल्कनीत ऊन नसेल तर घेऊ नका.

जागा ठरवताना दुपारी दिवा न लावता तिथे वर्तमानपत्र वाचता येतं का, ते पाहा. येत असेल तर तिन्ही झाडं चालतील. पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी उत्तम. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेचं दुपारचं ऊन मनीप्लांटची पानं भाजतं. तिथे कुंडी दोन-तीन फूट आत घ्या. अंधाऱ्या कोपऱ्यात स्नेक प्लांट तग धरतो, वाढत नाही. आणि उजेड कमी असेल तिथे पाणीही कमी लागतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

नर्सरीतल्या काळ्या पिशवीत बहुधा चिकट लाल माती असते. ती वाळली की ढेकूळ होते आणि पाणी कडेने वाहून जातं. आठ-दहा दिवस झाड घरच्या हवेला रुळू द्या, मग कुंडीत लावा. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा दोनच इंच रुंद हवी. मोठ्या कुंडीतली जादा माती ओलीच राहते. बुडाला भोक हवंच. त्यावर जाळीचा तुकडा पुरे. खाली खडे भरल्याने निचरा वाढत नाही, उलट ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो.

मनीप्लांटसाठी दोन भाग माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत, जाडी वाळू प्रत्येकी एक भाग. स्नेक प्लांट आणि झीझीसाठी दोन भाग माती, दोन भाग जाडी वाळू किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके दाणे), एक भाग गांडूळखत. त्यात कोकोपीट घालू नका, ते ओल फार धरून ठेवतं. समुद्राची वाळू नको, तिच्यातलं मीठ मुळांना बाधतं. कुंडी काठाखाली इंचभर मोकळी ठेवा.

पाणी वारावर घालू नका, माती पाहून घाला. मनीप्लांटच्या मातीत बोटाची दोन पेरं खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी. बाकी दोघांसाठी उदबत्तीची काडी तळापर्यंत घालून दहा मिनिटांनी काढा. काडी ओली निघाली किंवा तिला माती चिकटली तर थांबा. अंदाज म्हणून: उन्हाळ्यात मनीप्लांटला चार-पाच दिवसांनी, स्नेक आणि झीझीला दोन आठवड्यांनी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा या दोघांना महिन्यातून एकदाही पुरतं. घालाल तेव्हा मात्र बुडातून पाणी निघेपर्यंत घाला आणि अर्ध्या तासाने ताटलीतलं ओतून टाका.

ताटली आणि मनीप्लांटची बाटली, दोन्हींत डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठवड्यातून एक दिवस त्या रिकाम्या करून आतून घासा. अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

खालचं एखादं जुनं पान पिवळं पडणं साहजिक आहे. बरीच पानं एकदम पिवळी पडली आणि बुंधा मऊ लागला, तर झाड लगेच उपसा. फिकट, टणक मुळं ठेवा. तपकिरी, लिबलिबीत मुळं स्वच्छ कात्रीने कापा. स्नेक किंवा झीझी असेल तर दिवसभर सावलीत सुकवून कोरड्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका. मातीवर चिलटं उडत असतील तर वरचा दोन इंचांचा थर पूर्ण वाळू द्या, त्यांच्या अळ्या ओल्या मातीतच जगतात. देठाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसा, मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुलिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा फवारा, एकदा फवारून ते संपत नाहीत.

ही तिन्ही झाडं चावली तर तोंडाची आग होते, पोट बिघडतं. रांगणारं मूल किंवा मांजर-कुत्रं असेल तर कुंड्या उंचावर ठेवा.

मनीप्लांटचं दुसरं झाड हवं असेल तर पेराखाली कापा. पेराला तपकिरी कोंब असतो, त्यातूनच मूळ फुटतं. पेर नसलेल्या नुसत्या पानाला मुळं फुटली तरी नवी वेल येत नाही. स्नेक प्लांट पानाच्या तुकड्यापासूनही होतो, पण पिवळ्या काठाच्या जातीत नवं झाड हिरवंच निघतं. तो काठ हवा असेल तर कुंडीतला फुटवा मुळांसकट वेगळा काढून लावा.