ऑपरेशननंतरच्या रिकव्हरी रूममध्ये नवीन जॉइन झालाय? फाईल उघडल्यावर आधी ऑपरेशन थिएटरमधला (ओटीतला) शेवटचा डोस शोधा

टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, इनटेक-आउटपुट हे सगळं कॉलेजात घोटून घेतलेलं असतं, ते सांगत बसत नाही. कोल्हापुरात नर्सिंगचं जीएनएम नाहीतर बीएससी करून नवीन लागलेल्या पोरी विचारतात की ताई रिकव्हरीत एवढं काय वेगळं असतं, तर बाई, वेग. एकामागोमाग दोन ट्रॉल्या आल्या की माझी अजून तारांबळ उडते.

खरी गोची औषधांच्या वेळेत आहे. ओटीतला ब्रदर घाईत 'पेशंट स्टेबल आहे सिस्टर' म्हणून निघतो, आपण बीपीचा कफ बांधण्यात, प्रोब लावण्यात, आणि भूलतज्ज्ञांच्या चार्टवर बारीक अक्षरात 'पॅरासिटामॉल १ ग्रॅम, ११.४०' लिहिलेलं तसंच राहतं. सर्जनच्या ऑर्डरमध्ये परत तेच इंजेक्शन दिवसातून तीनदा. एक वाजता पेशंट म्हणतो 'लई दुखतंय ओ', आपल्या शीटवर तर काहीच दिलेलं दिसत नाही, मग हात बाटलीकडे जाणारच की! दोन डोसांत निदान ४ ते ६ तास पाहिजेत, मोठ्या माणसाला दिवसात ४ ग्रॅमच्या वर नाही, वजन कमी असेल तर त्याहून कमी. ट्रॅमाडॉल, फेंटानिल अशी दुखण्यावरची जोरदार औषधं दिली असतील तर अजून जपून, श्वास मंदावतो. एका रात्री डॉक्टरांनी फोनवर शेवटच्या डोसची वेळ विचारली, आधीच्या शिफ्टनं ती जागा कोरी सोडलेली, मी फाईल उलटीपालटी करतेय आणि पेशंट कण्हतोय. म्हणून ट्रॉली ताब्यात घेतल्याची सही करायच्या आधी ओटीच्या माणसाला थांबवा, औषध, डोस, वेळ शीटच्या डोक्यावर लिहा. तोंड वाकडं करू दे त्याला.

पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास वगैरे), पण काही सीनिअर पुढची दोन रीडिंगं आधीच भरून ठेवायला शिकवतात, त्यांचं अजिबात ऐकू नका, हे मी स्पष्टच सांगते. ॲल्ड्रेट स्कोअर, म्हणजे पेशंट भुलीतून किती सावरला त्याचे गुण, १० पैकी ९ झाला की वॉर्डात न्यायची घाई सुरू होते. त्यात हालचाल, श्वास, बीपी, शुद्ध आणि ऑक्सिजन एवढंच येतं. दुखणं, ड्रेसिंग भिजणं, लघवी यातलं काहीच नाही, ते वेगळं लिहायचं. जखमेतलं रक्त-पाणी जमा होतं त्या ड्रेनच्या बाटलीवर मार्करनं रेघ मारून वेळ टाका, आणि मावशींना आधीच सांगा की मोजल्याशिवाय युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करायची नाही.

सुरुवातीला नोंदी मागं राहतात, सगळ्यांच्याच राहतात, घाबरू नका. आत्ताची वेळ टाकून 'उशिरा नोंद' लिहा, खाली घटनेची वेळ. चुकलं तर एकच आडवी रेघ आणि सही, व्हाइटनर नको. आणि भिंतीवरचं घड्याळ नि मॉनिटर यांची वेळ बऱ्याचदा जुळत नाही, तेव्हा कुठलं एक धरायचं ते ड्युटीवर चढल्या चढल्या इनचार्ज सिस्टरना विचारून घ्या.